राजाचा औषधवाला, चीनचा कैदी

होस्टेलवर पहिल्या दिवशी नवा रूम पार्टनर भेटला की प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. नाव काय, गाव कुठलं, बारावीला किती पडले, आणि मग चौथा प्रश्न, वडील काय करतात? कुणी सांगतं शेती, कुणी सांगतं मास्तर आहेत, कुणी डॉक्टर, कुणी एस.टी.त कंडक्टर. उत्तर ऐकलं की समोरच्याच्या डोक्यात नकळत एक हिशोब होतो. मुद्दाम कुणी करत नाही, पण होतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

पाचशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगालमध्ये हा हिशोब भाषेतच बसवून ठेवला होता. तिथे खानदानी माणसाला फिदाल्गो म्हणत. शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो, कुणातरी मोठ्या असामीचा मुलगा. म्हणजे माणूस स्वतः काय करतो याच्या आधी तो कुणाचा आहे हे आलं! आरमाराचा कप्तान, किल्ल्याचा अधिकारी, राजाचा वकील ही सगळी मानाची पदं बहुधा या फिदाल्गोंच्या वाट्याला जायची. (वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. पेशव्यांचा वकील दिल्ली दरबारात असायचा, त्या अर्थाने वकील. एलची म्हणा हवं तर.)

अशा काळात चीनच्या बादशहाकडे जाणारा पोर्तुगालचा पहिला वकील म्हणून ज्याची निवड झाली तो फिदाल्गो नव्हता. तो काष्ठौषधी विकणाऱ्याचा मुलगा होता आणि स्वतःही तेच करत होता. त्याचं नाव तोमे पिरेस. मित्रांनो, इतिहासाच्या पुस्तकात आपण वास्को द गामा वाचला, आल्बुकर्क वाचला. पिरेसचं नाव मात्र आपल्यापैकी फारशा कुणी ऐकलेलं नसेल. म्हणून हा लेखप्रपंच.

दुकान ते दरबार

पिरेसचा जन्म साधारण १४६५ ते १४७० च्या दरम्यानचा. वडील राजा दुसरा जुआंव याच्याकडे औषधं तयार करून देत. आजच्या भाषेत फार्मासिस्ट. त्या काळी औषधवाल्याला मुळ्या, साली, राळ, कस्तुरी, अफू, रेवाचिनी यातलं अस्सल काय आणि भेसळीचं काय हे नुसत्या वासावरून ओळखता यावं लागे. बापाचा हात धरून पोरगं शिकलं आणि पुढे युवराज आफोन्सोचा औषधवाला झालं.

युवराजाचा माणूस म्हणजे उद्या राजाचा माणूस! पिरेसचं नशीब उघडलंच होतं. पण १४९१ च्या जुलैमध्ये तेजो नदीच्या काठी घोड्यावरून पडून हा सोळा वर्षांचा युवराज गेला. त्याच्याबरोबर पिरेसची बढतीही गेली. पुढची वीस वर्षं तो लिस्बनमध्येच होता. त्या काळात गामा कालिकतला जाऊन आला, मिरी आणि लवंगांनी भरलेली जहाजं तेजो नदीत लागू लागली. ज्या मालावर पिरेसचा धंदा चालायचा तो माल आता समोर उतरत होता, पण तो पिकतो कुठे हे लिस्बनमध्ये कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

१५११ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, पिरेस भारतात आला. पद होतं औषधी द्रव्यांच्या खरेदीवरचा कारभारी. त्या काळात चाळिशी म्हणजे म्हातारपणाचा उंबरठा, आणि लिस्बन ते मलबार हा प्रवास सहा-सात महिन्यांचा. वाटेत स्कर्व्हीने माणसं पटापट मरत. पोरगेले शिपाई नशीब काढायला यायचे ते ठीक, पण लिस्बनमध्ये बस्तान असलेला माणूस का निघाला असेल? पैसा हे एक कारण नक्कीच. दुसरं कारण त्याच्या लिखाणातून कळतं. या माणसाला प्रत्येक गोष्ट मुळापासून जाणून घ्यायची खोड होती.

मलाक्कातला हिशोबनीस

कण्णूरला वर्ष होतं न होतं तोच आल्बुकर्कने त्याला मलाक्काला पाठवलं. मलाक्का पोर्तुगीजांनी १५११ मध्येच जिंकलं होतं आणि तिथल्या वखारीच्या हिशोबात गडबड होती. दप्तर नीट लावायला विश्वासाचा माणूस हवा होता. औषधवाल्याला गुंजेगुंजेचं वजन करायची सवय असते, म्हणून पिरेस तिथे फिट बसला. १५१२ च्या मध्यावर तो पोचला आणि जवळजवळ अडीच वर्षं राहिला. मध्ये १५१३ मध्ये मसाले आणायला जावापर्यंत जाऊन आला.

मलाक्का हे त्या काळातलं विलक्षण बंदर. पश्चिमेकडून गुजराती, तमिळ, बंगाली आणि अरब जहाजं एका वाऱ्यावर येत. पूर्वेकडून जावा, मोलुक्का आणि चीनची जहाजं दुसऱ्या वाऱ्यावर. मोसमी वारे फिरेपर्यंत सगळ्यांना तिथेच मुक्काम. बंदरात ८४ भाषा कानावर पडतात, असं पिरेसने नोंदवून ठेवलंय. सुलतानाच्या राज्यात चार शहाबंदर असत आणि प्रत्येकाकडे वेगवेगळ्या देशांचे व्यापारी वाटून दिलेले. गुजरात्यांचा शहाबंदर वेगळा, चिन्यांचा वेगळा. पश्चिमेकडून आलेल्या मालावर ६ टक्के जकात, तर पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांना जकात माफ, त्यांनी फक्त नजराणा द्यायचा. ही सगळी माहिती आज आपल्याला आहे ती पिरेसमुळे.

दिवसा वखारीचे हिशोब आणि उरलेल्या वेळात व्यापाऱ्यांना, खलाशांना, नाखव्यांना प्रश्न विचारून लिहून घेणं असा त्याचा उद्योग चालला होता. यातून १५१२ ते १५१५ या काळात एक ग्रंथ तयार झाला, सुमा ओरिएन्ताल, म्हणजे पूर्वेचं सार. तांबड्या समुद्रापासून चीन-जपानपर्यंत कुठे काय पिकतं, कोण राज्य करतं, कोणतं नाणं चालतं, वजनं काय, वारा कधी फिरतो, सगळं त्यात आहे. आपल्या कोकणातली चौल आणि दाभोळ ही बंदरं त्यात आहेत, गोवा आहे, खंबायतही आहे. खंबायत एक हात एडनकडे आणि दुसरा मलाक्काकडे पसरून उभी आहे असं त्याने लिहिलंय. मलाक्का ज्याच्या ताब्यात त्याच्या हातात व्हेनिसचा गळा, हेही त्याचंच निरीक्षण. व्हेनिस युरोपात मसाला विकायचं आणि तो मसाला शेवटी इथूनच जायचा. एका वाक्यात जगाची सप्लाय चेन सांगितली राव!

पण याच ग्रंथात एक चूकही आहे आणि ती फार महागात पडणार होती. चीनबद्दल त्याने ऐकीव माहितीवर लिहिलं. तिथली माणसं लढाईत कच्ची आहेत, आणि ज्याने मलाक्का जिंकलं त्याला दहा जहाजांनिशी चीनचा सारा किनारा घेता येईल, असं लोक सांगतात हे त्याने नोंदवून टाकलं. इतर ठिकाणी दहा जणांना विचारून खात्री करणारा माणूस इथे सांगोवांगीवर विसंबला. त्या चीननेच पुढे त्याला काय दाखवलं ते बघू.

औषधवाला वकील कसा झाला?

१५१५ मध्ये पिरेस कोचीनला परतला. वय पन्नासच्या आसपास, गाठीला बरा पैसा, हातात ग्रंथ. आता घरी जायचं एवढंच बाकी होतं. जानेवारी १५१६ मध्ये त्याने राजा मानुएलला एक पत्र लिहिलं. त्यात कोणतं औषधी द्रव्य कुठे उगवतं याची यादी दिली होती. निरोपाचं पत्रच म्हणायचं.

पण तेवढ्यात नवा गव्हर्नर लोपो सोआरेस याने त्याला चीनचा वकील नेमलं. एवढे फिदाल्गो असताना औषधवाला का? पोर्तुगीज बखरकार जुआंव द बारोस याने याचं कारण देताना आधी पिरेसच्या जन्माची बाजू सावरून घेतली आहे. माणूस मोठ्या घरातला नाही, औषधवाला आहे, पण हुशार, उदार, चौकस आणि बोलण्यात तरबेज आहे, असा त्याचा सूर आहे. म्हणजे गुण सांगताना सुद्धा आधी वडील काय करतात हे आलंच!

दोन वर्षं आधी, १५१४ मध्ये, मानुएलने रोमला पोपकडे वकील पाठवला तेव्हा निवडला तो त्रिस्तांव द कुन्या हा बडा फिदाल्गो आणि बरोबर चक्क हत्ती दिला. रोमचा मान रोममध्ये कळणार, तिथे घराणं दाखवणं भाग होतं. चीनचं तसं नव्हतं. तिथे काय होईल याचा कुणालाच अंदाज नव्हता. जिथे मान नक्की तिथे मोठ्या घरचा आणि जिथे धोका नक्की तिथे कामाचा माणूस, हा हिशोब तेव्हाही होता. दुसरीकडून बघितलं तर निवड अगदी अचूक होती. त्या घडीला पूर्वेची त्याच्याइतकी माहिती असलेला दुसरा पोर्तुगीज सापडणं कठीणच. त्याला मिळालेला मान खराच होता, फक्त मागे उभं राहणारं घराणं नव्हतं.

कँटनला

फेर्नांव पेरेस द आंद्राद याच्या हाताखाली आठ जहाजं जून १५१७ मध्ये मलाक्काहून निघाली आणि सप्टेंबरअखेर कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, पोचली. पोचल्यावर पोर्तुगीजांनी सलामीच्या तोफा उडवल्या आणि झेंडे चढवले. आपल्याकडे पाहुणा म्हणून आलेल्याने दारातच फटाक्यांची माळ लावावी तसं झालं. चिनी अधिकारी खवळले. आंद्रादने माफी मागितली, आमच्याकडे हा आदर दाखवण्याचा प्रकार आहे असं समजावलं आणि प्रकरण निभावलं. हा आंद्राद समजूतदार होता. १५१८ मध्ये निघताना त्याने दवंडी पिटवली की आमच्या माणसांकडून कुणाचं येणं असेल किंवा कुणाला त्रास झाला असेल तर येऊन सांगा. लोक खूश झाले.

पिरेस आपल्या माणसांसह कँटनला राहिला आणि बादशहाच्या परवानगीची वाट बघू लागला. एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. शेवटी जानेवारी १५२० मध्ये तो उत्तरेकडे निघाला. नदीतून होडीने, मग डोंगराची खिंड ओलांडून, मेमध्ये नानजिंगला पोचला. झेंगडे बादशहा तेव्हा तिथेच होता, पण रीतसर दरबारी भेट झाली नाही. पुढे पेकिंगला जाऊन थांबा असा हुकूम आला.

आणि इकडे, त्याच्या पाठीमागे, सगळा घोळ झाला.

१५१९ मध्ये फेर्नांवचा भाऊ सिमांव द आंद्राद जहाजं घेऊन कँटनजवळच्या बेटावर आला. घराणं तेच, पण अक्कल वेगळी. त्याने बेटावर विचारल्याशिवाय तटबंदी केली, फाशीचा खांब उभारून आपल्या एका खलाशाला तिथेच फासावर दिलं, चिनी अधिकाऱ्यावर हात टाकला, इतर देशांच्या व्यापाऱ्यांना अडवलं. चिनी मुलं विकत घेऊन नेली. ती पळवलेली मुलं होती. पोर्तुगीज लहान मुलं खातात अशी अफवा कँटनभर पसरली. मग १५२० मध्ये सिमांव शिडं उभारून निघून गेला. जबाबदारी कुणावर राहिली? अर्थात जो चीनच्या पोटात बसला होता त्याच्यावर.

पेकिंगमध्ये तीन कागद

पेकिंगला पिरेसवर एकदम तीन संकटं आली. पहिलं म्हणजे कँटनच्या तक्रारी. दुसरं मलाक्काच्या पदच्युत सुलतानाचा वकील. मलाक्का हे चीनला खंडणी देणारं राज्य होतं. या लोकांनी माझ्या धन्याचं राज्य लुटून घेतलं, हे हेर आहेत, अशी फिर्याद घेऊन तो दरबारात हजर झाला होता. आणि ती फिर्याद खोटी नव्हती, हे विसरून चालणार नाही.

तिसरं संकट भाषांतराचं. चीनच्या दरबारात परक्या राजाने बरोबरीच्या नात्याने यायचं नसतं, खंडणी घेऊन नम्रपणे यायचं असतं. दुभाष्यांना हे माहीत होतं. म्हणून कँटनला फेर्नांवच्या पत्राचं भाषांतर करताना त्यांनी परस्पर लिहून टाकलं की पोर्तुगालचा राजा बादशहाच्या चरणी सेवा रुजू करायला आला आहे. राजा मानुएलचं मूळ पत्र मात्र मोहोरबंद होतं. पेकिंगला ते उघडलं तेव्हा त्यातला मजकूर बरोबरीचा निघाला. दोन कागद दोन गोष्टी बोलू लागले. दरबाराने निष्कर्ष काढला की हे लोक लबाड आहेत, वकील खोटा आहे.

बादशहा झेंगडे स्वतः त्यामानाने मोकळा होता. हे लोक आपल्या रीती जाणत नाहीत, हळूहळू शिकतील, असं त्याचं म्हणणं होतं असं सांगतात. पिरेस आणि त्याची माणसं दर महिन्याला शुद्ध प्रतिपदेला आणि पौर्णिमेच्या सुमारास राजवाड्याच्या भिंतीसमोर जाऊन साष्टांग घालून येत. भिंतीसमोर! बादशहा दिसत नव्हताच. एप्रिल १५२१ मध्ये झेंगडे वारला. नव्या राजवटीने परक्यांना हाकलायचं ठरवलं. मे महिन्यात पिरेसला नजराण्यासह परत पाठवलं आणि सप्टेंबरमध्ये तो कँटनला पोचला तो कैदी म्हणूनच.

चार वर्षं वाट बघून या वकिलाला बादशहाची रीतसर दरबारी भेट एकदाही मिळाली नाही.

कोठडी

१५२१ आणि १५२२ मध्ये पोर्तुगीज जहाजं आणि चिनी आरमार यांच्यात लढाया झाल्या आणि दोन्ही वेळा पोर्तुगीजांना मार खाऊन पळावं लागलं. चीनचा किनारा दहा जहाजांत येईल, हे लिहिणारा माणूस तेव्हा कँटनमध्येच कैदेत होता. १५२२ मध्ये त्याच्या हातापायात बेड्या पडल्या. मलाक्का सुलतानाला परत करा, मगच तुमची सुटका, असं त्याला सांगण्यात आलं. मलाक्का परत करणं त्याच्या हातात थोडंच होतं? त्याच्याकडचा सगळा माल जप्त झाला. रेशीम, कस्तुरी, चांदी आणि रेवाचिनी. रेवाचिनी वाचून थांबायला होतं. कैदेत पडेपर्यंत या माणसाने आपला मूळ धंदा सोडला नव्हता.

रामायणात हनुमानाला मारायला निघालेल्या रावणाला बिभीषण सांगतो की दूताला मारू नये. हा नियम जगभर होता. पण दूत खरा की खोटा असाच प्रश्न उभा केला तर नियम कुणाला लागू करायचा? १५२३ मध्ये लढाईत पकडलेल्या पोर्तुगीज कैद्यांना कँटनमध्ये हालहाल करून मारलं. पिरेसला मारलं नाही, तो तुरुंगातच राहिला.

हे सगळं आपल्याला कळतं ते क्रिस्तोवांव व्हिएयरा आणि वास्को काल्वो या दोन कैद्यांनी चोरून बाहेर पाठवलेल्या पत्रांमुळे. व्हिएयराने लिहिलं की पिरेस मे १५२४ मध्ये आजारी पडून तुरुंगात मेला. दुसरी एक कहाणी फेर्नांव मेंदेस पिंतो या प्रवाशाने सांगितली. त्याला म्हणे चीनच्या आतल्या भागात पिरेसची मुलगी भेटली, आई चिनी, आणि बापाने शिकवलेली प्रार्थना ती अजून म्हणत होती. पण हा पिंतो थापाड्या म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे इतिहासकार या गोष्टीवर फारसा भरवसा ठेवत नाहीत. वाटतं मात्र की खरी असावी.

नंतर

हीच गोष्ट तीस वर्षांनी पुन्हा घडली. १५५२ मध्ये गोव्याहून चीनला नवा वकील जायचा होता, दियोगो पेरेरा. तो व्यापारी होता. त्याच्याबरोबर सेंट फ्रान्सिस झेव्हियर निघाले होते. मलाक्काला कप्तान होता खुद्द वास्को द गामाचा मुलगा आल्व्हारो. त्याने पेरेराला अडवून ठेवलं. एका व्यापाऱ्याने राजाचा वकील म्हणून मिरवावं हे त्याला रुचलं नाही असं म्हणतात. झेव्हियर एकटेच पुढे गेले आणि चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर वाट बघत डिसेंबर १५५२ मध्ये वारले. जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्चमध्ये आपण ट्रिपला जातो, तिथे त्यांचा देह आहे. तो तिथे असण्याच्या गोष्टीत वडील काय करतात या प्रश्नाचाही थोडा वाटा आहे, हे पुढच्या वेळी आठवावं.

पोर्तुगीजांना १५५७ च्या सुमारास मकाव मिळालं ते वकिलातीने नाही, व्यापाराने आणि स्थानिक अधिकाऱ्यांशी जुळवून घेऊन.

पिरेसच्या ग्रंथाचं काय झालं? काही भाग १५५० मध्ये इटलीत छापला गेला, पण लेखकाच्या नावाशिवाय. बाकीचा चारशे वर्षं हरवला होता. १९३७ मध्ये आर्मांदो कोर्तेसांव या पोर्तुगीज अभ्यासकाला पॅरिसच्या एका ग्रंथालयात हस्तलिखित सापडलं आणि १९४४ मध्ये ते छापून आलं. आज आग्नेय आशियाचा त्या काळातला इतिहास लिहिताना कुणालाही पिरेसच्या पानांवरून गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सिमांव द आंद्राद मोठ्या घरचा होता, पण त्याचं नाव आता निघतं ते पिरेसला बुडवणारा म्हणूनच.

यातून बोध काय, असं व्हायवाला विचारतात तसं कुणी विचारलं तर मला एकच सांगता येईल असं नाही. गुण असले की घराणं आडवं येत नाही असं म्हणावं, तर पिरेसला पद मिळालं हे खरं, पण पद देणारे संकटात त्याच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. चूक दुसऱ्याची असते आणि सापडतो तो जागेवर असलेला माणूस, हे तर आपण वर्कशॉपपासून मेसच्या बिलापर्यंत रोज बघतो. आणि एक गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. जिथे तो स्वतः गेला, मोजलं, विचारलं, तिथे त्याचे आकडे पाचशे वर्षं टिकले. जिथे ऐकीव माहितीवर लिहिलं तिथे तो चुकला. जर्नल कॉपी करताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.

पुढच्या वर्षी नवीन पोरं होस्टेलवर येतील. चौथा प्रश्न बदलता आला तर बघा. वडील काय करतात याऐवजी, तुला काय करायला आवडतं असं विचारा. पिरेसला कुणी हे विचारलं असतं तर त्याने बहुतेक खिशातून एखादी मुळी काढून वास घ्यायला दिली असती.